डुक्कर मरतं, डुकरं वाढतात

२००७ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातून एक छायाचित्र जगभर फिरलं. एक अजस्र डुक्कर आडवं पडलंय आणि त्याच्या पाठीआड अकरा वर्षांचा एक मुलगा रिव्हॉल्व्हर घेऊन बसलाय. बातमीप्रमाणे डुकराचं वजन १,०५१ पौंड, म्हणजे पावणेपाचशे किलो. नाकाडापासून शेपटीपर्यंत लांबी ९ फूट ४ इंच. मुलाच्या हातातलं शस्त्र .५० कॅलिबरचं, म्हणजे खांद्याला न लावता हातानं चालवायच्या बंदुकांतलं जवळजवळ सगळ्यांत दांडगं. पाठलाग तीन तास चालला होता आणि त्या तीन तासांत मुलानं डुकराला एकामागून एक गोळ्या घातल्या होत्या. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आल्या, मुलाखती झाल्या, फोटो खरा की कॅमेऱ्याची करामत यावर वाद झाले.

मग एक मळेवाला पुढे आला आणि म्हणाला, हे डुक्कर माझं. त्याचं नाव फ्रेड. त्यानं ते नाताळची भेट म्हणून बायकोला दिलं होतं, पिल्लू असताना. घरातल्या नातवंडांच्या सवयीचा झालेला हा पाळीव प्राणी जागेत मावेना, म्हणून शिकारीच्या चारच दिवस आधी तो विकला गेला होता, आणि घेणारा एक शिकार-व्यावसायिक होता. दीडशे एकरांच्या कुंपणात फ्रेडला सोडण्यात आलं. मुलाला आणि त्याच्या वडिलांना ते रानडुक्कर असल्याचंच सांगितलं गेलं होतं. म्हणजे तीन तास ज्याचा पाठलाग झाला, ते जनावर माणूस दिसला की पळण्याऐवजी बहुधा काही खायला मिळेल अशा आशेनं बघणारं होतं.

या प्रकरणावर अमेरिकेत लोक हसले, चिडले, विसरले. मला मात्र त्यात तिथल्या रानडुकरांचा सगळा इतिहास थोडक्यात दिसतो. पैसे मोजणारा शिकारी, त्याच्यासाठी आणून सोडलेलं डुक्कर, भोवती कुंपण आणि हातात गरजेपेक्षा मोठी बंदूक. फ्रेडच्या कुंपणातून कोणी निसटलं नाही. बाकी ठिकाणी निसटलं.

अमेरिका खंडात डुक्कर मुळात नव्हतंच. टेक्ससच्या दक्षिणेला काटेरी झुडपांत जावेलिना नावाचा डुकरासारखा दिसणारा एक छोटा प्राणी असतो, पण त्याचं कूळ वेगळं. खरं डुक्कर जहाजातून आलं. कोलंबसानं १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ते कॅरिबियन बेटांवर उतरवलं. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो फ्लोरिडात उतरला तेव्हा फौजेच्या पोटासाठी त्यानं डुकरं बरोबर घेतली होती. सुरुवातीला मोजकी होती. तीन वर्षांनी तो मेला तेव्हा कळप काही शेकड्यांवर गेला होता, आणि वाटेत निसटलेली, स्थानिक लोकांनी पळवलेली वेगळीच. टेक्ससमध्ये १६८० च्या दशकात फ्रेंच लोकांबरोबर ती पोचली. पुढे आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी डुकरं पाळायची सोपी रीत काढली. कानाला आपली खूण करायची, रानात सोडून द्यायचं, ओकची फळं खाऊन ती लठ्ठ झाली की थंडीच्या तोंडावर गोळा करायची. सगळी गोळा कधीच होत नसत.

इथवर ही घरच्या डुकरांच्या उनाडपणाची गोष्ट होती. अस्सल युरोपीय रानडुक्कर आणलं ते हौशी श्रीमंतांनी. १९१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या हूपर बाल्ड नावाच्या डोंगरावर जॉर्ज गॉर्डन मूर या उद्योजकानं शिकारीसाठी खासगी रान तयार केलं. बायसन, अस्वलं, एल्क आणि युरोपातून मागवलेली रानडुकरं त्यात सोडली. लाकडी कुंपण डुकरांच्या मुसंडीपुढे किती टिकणार? साधारण दहा वर्षांत ती डोंगरभर पसरली आणि पुढे ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या राष्ट्रीय उद्यानात शिरली. मूर मात्र थांबला नाही. तो कॅलिफोर्नियाला गेला आणि जाताना आपल्या त्या डुकरांपैकी काही घेऊन गेला. आज कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत नांगरट करणाऱ्या डुकरांच्या रक्तात त्यांचा अंश आहे. टेक्ससमध्ये १९३० च्या दशकात रँचवाल्यांनी आणि शिकाऱ्यांनी हाच प्रयोग केला. युरोपीय रानडुक्कर सुटलं, मोकाट गावडुकरांत मिसळलं, आणि जो संकर तयार झाला तो दोघांचे गुण घेऊन जन्मला. घरच्या डुकराची वीण आणि रानच्या डुकराचा काटकपणा. म्हणूनच टेक्ससच्या एकाच कळपात काळी, तांबडी, पांढरी आणि ठिपक्याठिपक्यांची डुकरं एकत्र दिसतात.

आता बंदुकीकडे येतो, कारण या विषयाची खरी ओढ तिथे आहे. मी स्वतः शिकारी नाही, पण माणसं इतक्या प्रेमानं ज्या वस्तूबद्दल तासन् तास बोलू शकतात ती वस्तू समजून घ्यावीशी वाटतेच.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत. .५० म्हणजे अर्धा इंच. ढोबळमानाने म्हणायचं कारण असं की, जगप्रसिद्ध .४४ मॅग्नमची गोळी मोजली तर .४२९ भरते, नाव जुन्या रूढीनं चालत आलंय. या .४४ मॅग्नमचा जनक म्हणून एल्मर कीथचं नाव घेतात. आयडाहोतला हा रांगडा रँचवाला शिकारीच्या मासिकांत लिहायचा. जुन्या .४४ स्पेशलच्या काडतुसात ठासता येईल तितकी दारू ठासून त्यानं वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि कारखानदारांच्या मागे लकडा लावला. अखेर १९५५ च्या शेवटी स्मिथ अँड वेसननं रिव्हॉल्व्हर आणि रेमिंग्टननं काडतूस बाजारात आणलं. त्याची गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’त क्लिंट ईस्टवुडच्या हाती ते शस्त्र दिसलं आणि दुकानांतून ते मिळेनासं झालं. नंतर ही चढाओढ थांबलीच नाही. डिक कॅसूल या कारागिरानं १९५० च्या दशकात डोक्यात घेतलेलं .४५४ कॅसूल १९८३ मध्ये फ्रीडम आर्म्सनं तयार केलं. २००३ मध्ये .५०० स्मिथ अँड वेसन मॅग्नम आलं. चक्रीत सहाऐवजी पाचच काडतुसं मावतात, कारण प्रत्येक काडतूस अंगठ्याएवढं जाड. सव्वाआठ इंचांहून लांब नळीचं रिव्हॉल्व्हर दोन किलोच्या आसपास भरतं. ते दोन्ही हातांत घट्ट धरूनही चाप ओढल्यावर नळी कपाळाच्या दिशेनं उसळते. त्याच्या भारी काडतुसांची नळीच्या तोंडाशी असलेली ताकद .३०८ सारख्या हरणाच्या रायफलीच्या जवळपास पोचते.

मग सरळ रायफलच का नाही वापरत? रायफल स्वस्त, अचूक. खांद्याला टेकते, दुर्बिणीतून दीडशे यार्डांवरचं डुक्कर निवांत टिपता येतं. .३०८ ची गोळी सेकंदाला साडेआठशे मीटरच्या वेगानं जाते, तर .४४ ची चारशेच्या आगेमागे. रिव्हॉल्व्हरला कसलाही टेकू नाही. हाताची थरथर, श्वासाची लय, मनातली घाई, सगळं नेमात उतरतं. दुर्बीण नसेल तर पन्नास यार्डांच्या आत जावं लागतं, आणि डुकराची नजर अधू असली तरी नाक असं की वारा फिरला की कळप गायब. शिकारी हीच अडचण विकत घेतो. जाणीवपूर्वक स्वतःचा एक हात बांधून घेणं हा या खेळाचा गाभा आहे.

आपल्याकडे इंग्रज अधिकारी हाच खेळ वेगळ्या तऱ्हेनं खेळत. घोड्यावर बसून भाल्यानं डुक्कर मारायचं. खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम यात नामांकित होता. पुढे स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं १८८९ मध्ये या खेळावर आख्खं पुस्तक लिहिलं. जिथे घोडा दौडू शकतो अशा मुलखात डुकराला गोळी घालणं हे त्या मंडळींच्या लेखी लाजिरवाणं कृत्य होतं. असा माणूस क्लबात तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नसे. ज्या शेतकऱ्याच्या उसात ते डुक्कर लपायचं त्याला भाला आणि गोळी यांतला फरक कितपत जाणवत असेल, हे मात्र कोणी नोंदवलेलं दिसत नाही. खेळ म्हटला की नियम आले, आणि नियम आले की प्रतिस्पर्ध्याचा मान ठेवावा लागतो. टेक्ससचा रिव्हॉल्व्हरवालाही डुकराबद्दल बोलताना आदरानंच बोलतो.

हा आदर अगदी अनाठायी नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, कुर्चेसारखा थर असतो, वयाबरोबर जाड होत जाणारा. नरांच्या आपसातल्या मारामाऱ्यांत सुळ्यांपासून वाचवणारं हे चिलखत. खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून घासून धारदार राहतात. शिवाय डुकराचं काळीज हरणापेक्षा पुढे आणि खाली, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये. हरणाच्या सवयीनं खांद्यामागे नेम धरला तर गोळी पोटात जाते, आणि पोटात गोळी लागलेलं डुक्कर झाडीत शिरून तासन् तास तडफडत मरतं. जाणते लोक पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरायला सांगतात, नाहीतर कानाच्या मुळाशी. जाड, जड, पसरट न होता आरपार जाणारी गोळी हवी असते ती याचसाठी. पण नेम चुकला तर अर्ध्या इंचाची गोळीही चुकीचीच. मोठं कॅलिबर कच्च्या नेमाची भरपाई करतं हा समज या छंदातला सगळ्यांत घातक समज म्हणायला हवा. अलाबामातल्या त्या तीन तासांना दुसरा अर्थ नाही.

रिव्हॉल्व्हरची ही हौस मूठभरांची. टेक्ससमध्ये डुकरं पडतात ती बहुतेक रायफलीनं, आणि रात्री. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते दिवसभर चिखलात लोळतं आणि अंधारात चरतं. पेरलेल्या मक्याच्या ओळीत शिरलं की सरळ ओळ धरून एकेक दाणा उकरून खात जातं. सकाळी शेतकऱ्याला पेरणीयंत्र उलटं चालवल्यासारखी रिकामी सरी दिसते. भुईमूग, भात, ज्वारी, कुरणं, काही सुटत नाही. शिकारी मग उष्णता टिपणारी दुर्बीण लावतात. थंड काळ्या शेतात डुकरं पांढरी शुभ्र चमकतात. एआर-१५ जातीची अर्धस्वयंचलित रायफल, नळीला आवाज दाबणारं नळकांडं, आणि बारक्या .२२३ पासून .४५० बुशमास्टरपर्यंत ज्याची जशी ऐपत तसं काडतूस. सव्वाशे वर्षांहून जुनी .३०-३० आणि १८७३ ची .४५-७० ही काडतुसं झाडणाऱ्या लिव्हरच्या रायफलींवर जीव असणारेही पुष्कळ आहेत. कुत्री आणि सुरा एवढ्यावर शिकार करणारे वेगळे. एका जातीची कुत्री डुकराला भुंकून अडवतात, दुसरी कान पकडून लोंबतात, आणि माणूस मागून जाऊन सुरा चालवतो.

कायद्यानंही हात मोकळे सोडले आहेत. २०११ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळानं पैसे भरणाऱ्या हौशी माणसाला हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायची मुभा दिली. २०१७ मध्ये गरम हवेच्या फुग्यातून मारायलाही परवानगी मिळाली. फुगा शांतपणे तरंगतो हे खरं, पण वारा नेईल तिकडे जातो. कायदा करणाऱ्यांना या गोष्टीची मौज वाटली असावी. २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर शिकारीचा परवानाही लागत नाही. हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, दिवसरात्रीचं बंधन नाही. राज्यातली सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे. २५४ पैकी २५३ काउंटींत डुकरं आहेत. अपवाद पश्चिम टोकाच्या वाळवंटी एल पासोचा.

इतक्या बंदुका, इतकी मोकळीक, मग डुकरं संपायला हवी होती.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या शेती विस्तार विभागानं मागच्या दशकाच्या सुरुवातीला हिशोब मांडला. राज्यात डुकरं १८ ते ३४ लाखांच्या दरम्यान, सरासरी धरली तर २६ लाख. वर्षाला सगळ्या मार्गांनी मिळून साडेसात लाखांच्या आसपास मारली जातात, म्हणजे साधारण २९ टक्के. आणि संख्या नुसती आहे तिथे थोपवून धरायची तरी वर्षाला ६६ टक्के काढावी लागतील. मादी वर्षाची होण्याआधीच विण्याजोगी होते, पावणेचार महिन्यांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं. एक मोठा सुळेवाला नर मारून भिंतीवर त्याचं मुंडकं लावलं तर या गणितात काडीचा फरक पडत नाही, कारण त्याची जागा घ्यायला दुसरे नर आहेतच. आणि शिकाऱ्याचा जीव असतो तो नेमका त्या नरावर.

उलट कळपावर गोळ्या झाडल्या की एक-दोन पडतात आणि उरलेल्या माद्या पिल्लांसह फुटून चार शेतांत विखुरतात, रात्रीच्या आणखी उशिरा बाहेर पडायला शिकतात. ज्या शेतकऱ्याकडे काल डुकरं नव्हती त्याच्याकडे आज असतात.

टेनेसी राज्य हा धडा महागात शिकलं. तिथे डुकरं मुख्यतः पूर्वेच्या डोंगराळ भागात होती. १९९९ मध्ये राज्यानं शिकाऱ्यांच्या जिवावर त्यांचा बंदोबस्त करायचं ठरवलं आणि सगळ्या राज्यात हवी तितकी डुकरं मारायला मोकळीक दिली. पुढच्या दहा-बारा वर्षांत जिथे कधी डुक्कर नव्हतं तिथे डुकरं दिसू लागली, दोनशे-दोनशे मैलांवर. डुक्कर एवढं चालत जात नाही. ट्रकमध्ये बसून जातं. शिकार घराजवळ असावी म्हणून लोक रात्री ती आणून सोडत होते. २०११ मध्ये टेनेसीनं धोरण उलटं फिरवलं, शिकारीचा दर्जा काढून घेतला आणि डुक्कर हा उपद्रव ठरवला. शेजारच्या मिझुरीनं २०१६ मध्ये राज्याच्या संवर्धन खात्याच्या जमिनीवर डुकराची शिकार बंद केली. कॅन्ससनं तर २००६ मध्येच केली होती. डुकरं नकोत म्हणून शिकार बंद, हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उफराटं वाटतं. पण शिकारीचं आकर्षण गेलं की आणून सोडायचं कारणही जातं. न्यूयॉर्क राज्यानं २०१४ मध्ये शिकारीवर बंदी घातली, पिंजरे लावले आणि दोन वर्षांत आपण डुक्करमुक्त झाल्याचं जाहीर केलं. तिथे डुकरं थोडी होती हे मान्य. पण थोडी असतानाच हे करायचं असतं.

टेक्ससला ते जमणं अवघड, कारण तिथे डुकरावर पोट असणारे बरेच झालेत. रँचमालक एका रात्रीच्या शिकारीचे पैसे घेतो, हेलिकॉप्टरवाला काही हजार डॉलर आकारतो, त्यात दुर्बिणी, रायफली, काडतुसं, मार्गदर्शक, मुंडकी भरणारे कारागीर. गुरांपेक्षा डुकरांतून जास्त मिळणाऱ्या जमिनी आहेत. हरणांच्या शिकारीसाठी राज्यभर मका टाकणारी स्वयंचलित यंत्रं लावलेली असतात. तो मका हरणं खातात त्याहून डुकरं जास्त खातात. नुकसान सोसणारा बहुधा कुंपणापलीकडचा मका-भुईमूगवाला असतो.

हे ताणतणाव २०१७ मध्ये उघड्यावर आले. राज्याचा कृषी आयुक्त सिड मिलर (हेलिकॉप्टरचं विधेयक मांडणारा आमदार तोच) यानं फेब्रुवारीत वॉरफरिन घातलेलं एक आमिष वापरायला परवानगी दिली. उंदीर मारायला आणि माणसाच्या रक्ताच्या गुठळ्या रोखायला जे औषध वापरतात तेच. ते विष देण्याविरुद्ध सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा उठला? डुकरांच्या शिकाऱ्यांचा. हजारो सह्यांचं निवेदन निघालं, मांस व्यावसायिक न्यायालयात गेले. विषारी मांस माणसांच्या आणि इतर प्राण्यांच्या पोटात जाईल ही त्यांची भीती खोटी नव्हती, आणि आठवडाभर आतून रक्त वाहून मरणं गोळीपेक्षा क्रूर आहे हेही खरं. तरीही ‘डुकरांचा नायनाट’ हे घोषवाक्य वर्षानुवर्षं मिरवणाऱ्या मंडळींनी नायनाटाची शक्यता दिसताच तिच्याविरुद्ध उभं राहावं, यात काहीतरी उघडं पडलं. एप्रिलमध्ये कंपनीनं खटल्यांच्या धास्तीनं उत्पादन मागे घेतलं.

ज्यांना खरोखर डुकरं कमी करायची आहेत ते सध्या पिंजऱ्यावर भर देतात. लोखंडी जाळीचा मोठा गोल कोंडवाडा, आत आंबवलेला मका. आठवडा-दोन आठवडे दार उघडंच ठेवायचं. डुकरं बिचकत बिचकत येतात. आधी धीट पिल्लं, मग माद्या, शेवटी कळपाची म्होरकी. झाडावरचा कॅमेरा मोबाइलवर चित्र पाठवत राहतो. घरी अंथरुणात बसलेला माणूस मोजतो. बावीसचा कळप असेल आणि एकवीसच आत असतील तर बटण दाबायचं नाही, कारण बाहेर राहिलेली एक पुन्हा आयुष्यात पिंजऱ्याजवळ फिरकत नाही आणि आपल्या पिल्लांनाही फिरकू देत नाही. बाविसावी आत आली की बटण. यात ना पाठलाग, ना वाऱ्याचा अंदाज, ना छाती धडधडणं. फोटो काढून मित्रांना पाठवावा असं काही नाही. केंद्राच्या कृषी खात्यानं २०१४ पासून डुकरांसाठी जो राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आहे त्याचं बरंचसं काम असंच चालतं. जोडीला सरकारी हेलिकॉप्टर, आणि कधी गळ्यात रेडिओपट्टा बांधून सोडलेलं डुक्कर, जे एकटं राहवत नाही म्हणून उरलेला कळप शोधून काढतं आणि नकळत त्याचा पत्ता देतं.

पिंजऱ्यातल्या जिवंत डुकरांचं पुढे काय होतं हेही पाहण्यासारखं आहे. शिकार करून मारलेल्या डुकराचं मांस विकता येत नाही. जिवंत पकडलेलं मात्र मान्यताप्राप्त खरेदी केंद्रावर, तिथून तपासणी होणाऱ्या कत्तलखान्यात आणि पुढे महागड्या हॉटेलांत व युरोपात जातं. घरी खाणाऱ्यांना आरोग्य खातं सांगतं की सोलताना हातमोजे घाला, मांस ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा. ब्रुसेलोसिससारखे रोग रक्तातून अंगात येतात. आणि टेक्ससच्या नियमांत आणखी एक वाट आहे. पकडलेले नर परवानाधारक शिकार-रानात सोडता येतात. फक्त नर, म्हणजे निदान वीण वाढू नये. एका शेतातून काढलेला उपद्रव दुसऱ्या कुंपणात जाऊन पुन्हा शिकार होतो आणि त्याचे पुन्हा पैसे होतात.

ह्यूस्टन आणि डॅलसच्या उपनगरांत आता मराठी कुटुंबं हजारोंनी आहेत. २०१९ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन डॅलसलाच भरलं होतं. केटी, शुगरलँडसारख्या वस्त्यांना नद्यानाल्यांच्या झाडीनं वेढलंय आणि डुकरं त्या झाडीतून रात्री येऊन हिरवळी उकरतात. मऊ मातीतले किडे आणि अळ्या त्यांना हव्या असतात. वस्तीत गोळी झाडता येत नाही, म्हणून पिंजरेवाला बोलवावा लागतो. माणसावर डुकरं क्वचितच चालून येतात, पण २०१९ च्या नोव्हेंबरात ह्यूस्टनच्या पूर्वेला चेंबर्स काउंटीत पहाटे कामावर आलेल्या एका महिलेचा डुकरांच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

या कुटुंबांपैकी जी कोकणातून किंवा विदर्भातून गेली त्यांना उकरलेली जमीन नवी नाही. जनावर जातीनं तेच. फरक इतकाच की आपल्याकडे ते पाहुणं नाही. वाघ-बिबट्या-कोळसुंद्यांचं भक्ष्य आहे, रानाच्या घडणीतलं आहे. त्यामुळे टेक्ससचा ‘एकही उरू नये’ हा हट्ट आपल्याला लागू पडत नाही. शेतकऱ्याचं दुःख मात्र अगदी तेच. विदर्भात माळ्यावर बसून जागल करणारा, बॅटरी मारत डबा बडवणारा माणूस आणि कोकणात नाचणी-सुरण-भात राखणारा माणूस रानडुकराबद्दल आदरानं बोलत नाही. पडीक जमिनी वाढल्या, घरटी दोन माणसं मुंबईला गेली, गावालगतच झाडोरा माजला, आणि डुकरांना लपायला जागा अंगणापर्यंत आली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुक्कर संरक्षित आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी वनखातं देऊ शकतं, आणि कलम ६२ खाली केंद्र सरकार ठरावीक भागापुरतं, ठरावीक काळापुरतं त्याला उपद्रवी घोषित करू शकतं. उत्तराखंड आणि बिहारात २०१५-१६ च्या सुमारास तसं झालं. केरळनं २०२२ मध्ये गोळी घालायचे आदेश देण्याचा अधिकार ग्रामपंचायतींच्या पातळीपर्यंत आणला. महाराष्ट्रात परवानगी आणि भरपाई दोन्ही आहेत, पण अर्ज, पंचनामा आणि शिक्क्यांच्या वाटेवर डुक्कर पुढच्या वाफ्यात पोचलेलं असतं. कंटाळलेले लोक मग नको ते करतात. कुंपणात वीज सोडतात आणि त्यात शेजारचाच माणूस मरतो. गावठी बॉम्ब आमिषात ठेवतात. तो डुकराच्या जबड्यात फुटतो तसा गाईच्याही फुटतो.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणासाठी परवाना असलेल्या बंदुका पुष्कळ आहेत. टेक्ससच्या माणसानं त्या पाहिल्या तर संग्रहालयात आल्यासारखं वाटेल. ठासणीची, नाहीतर एकनळी-दुनळी बाराबोर. आजोबांच्या नावाचा परवाना वडिलांच्या नावावर करून घेताना झिजलेले जोडे वेगळे. .४४ मॅग्नमचं स्वप्नही कोणाला पडत नाही, कारण डुक्कर मारण्यापेक्षा ते हाकलण्यासाठीच बंदूक जास्त वाजते. आणि निवडणूक जाहीर झाली की आचारसंहितेपायी त्या पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस बऱ्याच जणांना येते. विधानसभेचं मतदान २००९, २०१४ आणि २०१९ अशा तिन्ही वेळा ऑक्टोबरात झालं. कोकणात तेव्हा भात कापणीला येतं. बंदूक ठाण्यात, शेतकरी मतदानाच्या रांगेत, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नाही.